फुलसावंगीपर्यंतची ट्रायल

ती गाडी आमच्या दारात कधी उभी राहिली नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच वाट बघू नये. पण दुपारी जेवण करून खाटेवर आडवा झालो की अजूनही मी ती चालवतो. पांढरी, उंच, आतून फिकट चामड्याची. काचा वर केल्या की बाहेरचं जग मुकं होतं. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, मधून रस्ता, आणि गाडी आवाज न करता चालली आहे, चालली आहे. मागच्या सीटवर आमची ही. आरशात तिचा चेहरा दिसतो. इथपर्यंत आलं की माझा डोळा उघडतो.

मी रिटायर्ड मास्तर. दारव्हा तालुक्यातल्या तांड्यांवर पस्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले. सायकलवर सुरुवात केली, मोटारसायकलवर संपवली. आम्ही गोर बंजारा. आमचे पणजे-खापरपणजे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायचे. माझा बा तसा फिरला नाही, पण बैल काही त्याने सोडले नाहीत. दारव्ह्याच्या बाजारात बैलांचे सौदे जमवून द्यायचा. घरात आमची बोली गोरबोली, आईला आम्ही याडी म्हणतो. इथे मात्र आमचं बोलणं वऱ्हाडीतच सांगतो. भांडायला आम्हा नवरा-बायकोला तीच बरी पडते.

आता मुद्द्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी हिच्या मणक्याचं नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं करा, फक्त धक्के खाऊ नका. डॉक्टरांना काय जातं सांगायला! धक्का न खाता आमच्याकडे माणूस गल्लीच्या बाहेर पडत नाही. हिचं माहेर फुलसावंगीजवळचा तांडा. दारव्ह्याहून आर्णी, मग महागाव, मग फुलसावंगी, अडीच-तीन तासांची वाट. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर. त्यांना इकडे आणता येत नाही, हिला तिकडे नेता येत नाही. फोनवर बोलावं तर म्हातारीला ऐकू येत नाही. ही इकडून ओरडायची, ती तिकडून "कोण? कोण?" करायची, आणि शेवटी दोघी रडून फोन ठेवायच्या.

एकदा काळीपिवळी जीपची मागची अख्खी सीट भाड्याने घेऊन आम्ही निघालोही होतो. आर्णी येईपर्यंत हिचा चेहरा राखेसारखा झाला. मी तिथूनच जीप माघारी फिरवायला लावली. ही "चाला पुढं, होते मले सहन" म्हणत राहिली, मी ऐकलं नाही. पुढे आठ दिवस तिला पाठ टेकवता आली नाही, आणि माझ्याशी तर ती पंधरा दिवस बोलली नाही. दुखण्याने नव्हे, रागाने. आर्णीहून पुढे अर्धी वाट राहिली होती, हेच तिच्या डोक्यातून जाईना.

तेव्हापासून माझ्या डोक्यात मऊ गाडी शिरली. मोबाईलवर मी दुसरं काही बघतच नव्हतो. कुठल्या गाडीच्या बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडत नाही, कुठली खड्ड्यावरून गेली तरी आत कळत नाही. ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्या मोबाईलात बसूनच मले माहेरी नेता का काय?" मी म्हणायचो, थांब. आणि बघता बघता त्या गाडीत बसून फुलसावंगीच्या शिवारात पोचायचो. सासूबाईंच्या दारापुढे गाडी लावायचो. ही दार उघडून हसत उतरायची. एवढं झालं की चहा आलेला असायचा.

मग दिवाळीनंतर कळलं की गावातल्या एका ठेकेदाराने त्याची मोठी एसयूव्ही विकायला काढली. परदेशी कंपनीची, आठ वर्षं जुनी. त्या गाडीत मी एकदा बसलो होतो. एका लग्नाहून येताना त्याने मला तांड्याच्या फाट्यापासून घेतलं होतं. अहो, मला त्या गाडीत झोप लागली होती! आयुष्यात गाडीत कधी डोळा न लागलेला मी, मांडीवर आहेराचा नारळ घेऊन घोरत होतो. ती झोप मी विसरलो नव्हतो. गाडीची किंमत तो सोळा लाख सांगत होता.

मी माझ्या दोस्ताला घेऊन गेलो. सगळा गाव त्याला चाचा म्हणतो, बसस्टँडच्या मागे त्याचं गॅरेज आहे, आणि गाडीच्या नुसत्या खोकण्यावरून तो तिचं दुखणं सांगतो. त्या गाडीत शिरताना चाचाने चपला बाहेर काढल्या. मग तो गाडीखाली गेला तो अर्धा तास बाहेरच आला नाही. आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आदर होता आणि काळजीही होती.

"मास्तर," तो म्हणाला, "याच्यात स्प्रिंगच नाई. स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे आहेत. चार कोपऱ्यात चार. म्हणून ते मऊ लागते तुले."

"मंग चांगलंच आहे ना."

"बहुत चांगलं. जोवर फुगा फुगून आहे तोवर."

आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. चाचा एकेक बोट मुडपून सांगू लागला. एक फुगा गेला की सत्तर-ऐंशी हजार. त्याच्यात हवा भरणारा पंप गेला की त्याचे वेगळे. टायर इतके रुंद की चारांचे मिळून लाखभर. साधं ऑईल बदलायचं तरी नागपूर, आणि नागपूरवाले नुसतं बॉनेट उघडायचे पैसे घेतात. विमा आमच्या मोटारसायकलच्या किमतीपेक्षा जास्त. "अन् पुढं तो लाल दिवा लागला ना, तं कायले लागला ते मले नाई समजत. कॉम्प्युटर लावा लागते त्याले." हे कबूल करताना चाचाला फार जड गेलं. त्याने बशीतला चहा उगाच फुंकला.

"साल के दो-तीन लाख पकड, काही बिघडलं नाई तरी," तो म्हणाला. "लेने का दाम अलग, रखने का दाम अलग. पेन्शन किती तुझी?"

मी सांगितलं.

"मंग तू गाडीले खाऊ घालशील का बायकोले?"

मी मान हलवत होतो, हो हो म्हणत होतो, आणि मनाने महागावच्या पुढच्या वळणावर होतो. तिथे सागाची झाडं रस्त्यावर वाकलेली आहेत. चाचाने माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. चाळीस वर्षांची दोस्ती आहे. शिव्या देऊन उपयोग नाही म्हटल्यावर तो कामाचं बोलला.

"ऐक. मागच्या डाव्या फुग्यावर शक आहे मले. आता चाक आन् वरच्या पत्र्याच्या मधात चार बोटं जातात. गाडी चालवून आण, बंद कर, तीन घंटे उभी ठेव. मंग पुन्हा बोटं घाल. चाराची तीन झाली, तं समज हवा जाऊन राह्यली. आन् ट्रायल खऱ्या रस्त्यानं घे, माणसं बसवून. बैलाले गाडीले न जुपता तुझा बाप घेऊ देत होता का कोणाले?"

नव्हता देत. बैल आवडला की बा त्याला भरल्या गाडीला जुंपायला लावायचा, चाकाला दगड लावून ओढायला लावायचा, आणि मगच बोलायचा. चाचाने खरा रस्ता म्हटल्यावर माझ्या तोंडून फुलसावंगीच निघालं. ठेकेदार मोठ्या मनाचा. म्हणाला, "न्या ना गुरुजी, डिझेल तुमचं. माझा ड्रायव्हर सोबत राहील, त्याले रस्ता बी माहीत आहे."

इथे मी माझी अक्कल चालवली. बाची अक्कल म्हणा. बा सांगायचा, जो बैल घ्यायचा त्याच्याकडे बघायचंच नाही, शेजारच्या बैलाकडे बघायचं. घ्यायच्या बैलाची नुसती खोड काढायची. शिंग वाकडं, खूर फुटका, डोळा मिचकावतो. तोंडातून एक चांगला शब्द गेला की भाव चढलाच. बाच्या धंद्यातलं मला बाकी काही आलं नाही, पण हे मी पाठ केलं होतं. जेवताना हिला समोर बसवून शिकवणी घेतली.

"ड्रायव्हर ठेकेदाराचा माणूस आहे. तू गाडीत जे बोलशील ते त्याच्या कानावर जाणार. गाडी कितीबी आवडली तरी आवडली म्हणायचं नाही. कण्हायचं. पाठ दुखते म्हणायचं. जितकी कण्हशील तितका भाव पडेल."

ही भाकरी मोडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे मी कितीबी बोंबलली तरी तुमी गाडी माघारी फिरवणार नाई?"

"कायले फिरवू? ते तर आपलं नाटक."

"आर्णीवरून नाई, महागाववरून बी नाई?"

"नाही म्हणतो ना!"

"कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. आणि मनात म्हटलं, हुशार आहे, एका फटक्यात समजली. पस्तीस वर्षं पोरं शिकवली, असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं. पुढे मी गाडी चालवायला, बाजूला ड्रायव्हर. मागे उजवीकडे सीताफळांची टोपली, सासूबाईंना आवडतात म्हणून, आणि डावीकडे ही, पाठीला दोन उशा लावून. मी चालवायला शिकलो ते चुलतभावाच्या काळीपिवळीवर, गिअर टाकताना खांदा निखळतो असल्या जीपवर. इथे गिअर टाकायचाच नव्हता. पाय टेकवला की गाडी निघायची. गावाबाहेर पडलो, काचा वर गेल्या, आणि सगळं शांत झालं. सोयाबीन निघालेली रानं तपकिरी पडली होती, मध्येच कपाशीचा पांढरा पट्टा यायचा. बाया कापूस वेचत होत्या, काहीतरी बोलत हसत होत्या, पण आवाज आत येत नव्हता. एसटी समोरून गेली तीही आवाज न करता. आतून सगळा सीताफळाचा वास. मला रस्ता लागतच नव्हता. वाटलं, मी चालवत नाही, मला कोणी तरी उचलून नेतंय.

पहिला खड्डा आला आणि मागून ही ओरडली, "ए याडी! मेली वं मी!"

ड्रायव्हर दचकून मागे वळला. मी ओठ दाबून धरले, हसू येऊ नये म्हणून. काय टायमिंग! मला तर खड्डा जाणवलाही नव्हता.

"काय झालं हो बाई?" ड्रायव्हरने विचारलं.

"हाडं खिळखिळी झाली, बाप्पा. गाडी म्हणावं का काय हिले."

मग चालूच झालं. पूल आला की "ए याडी". गतिरोधक आला की "मोडली वं पाठ". चांगला रस्ता आला की जरा खालचा सूर, खराब रस्ता आला की वरचा सूर. ड्रायव्हर बिचारा कासावीस झाला. "साहेब, हळू घ्या," म्हणू लागला. मी हळू घेतली, कारण नाटकात आपलाही भाग हवा. आर्णी आली. गेल्या वेळी जिथे जीप फिरवली होती तो पानठेला दिसला. आरशात मी हिच्याकडे बघितलं, ही त्या पानठेल्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. ठेला मागे गेला तशी तिने मान वळवून शेवटपर्यंत तो बघितला.

महागावच्या अलीकडे ती एकदम गप्प झाली. सागाचं रान लागलं होतं, मोठी मोठी पानं रस्त्यावर पडलेली, उन्हाचे ठिपके काचेवरून सरकत होते. मी कुठल्या कुठे हरवलो होतो. मग लक्षात आलं की मागून बराच वेळ आवाज नाही. ड्रायव्हरला गोरबोली कळत नव्हती. मी आमच्या बोलीत म्हटलं, गप्प का झालीस, चालू ठेव, आत्ता चांगलं जमत होतं.

आरशात तिने माझ्याकडे बघितलं. आणि पुन्हा कण्हायला लागली.

तांड्यात गाडी शिरली तसा सगळा तांडा गोळा झाला. मी दार उघडून उतरलो, ऐटीत. हिला दोन पुतण्यांनी धरून उतरवलं. मी म्हटलं, वा, अजून सोडलं नाही. आमच्यात बाया खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. नुसतं रडणं नव्हे, जे जे सोसलं ते त्या सुरात सांगायचं, आणि दुसरीने तिचं सांगायचं. बाहेरच्या माणसाला ते गाणं वाटतं. म्हातारी खाटेवर होती, गळ्यात पडायला उठू शकत नव्हती. म्हणून ही वाकली. पार खाटेवर वाकली, म्हातारीच्या छातीवर डोकं ठेवलं, आणि तिचा सूर लागला.

याडी, तीन वर्षं झाली. याडी, वाट लांब होती. याडी, माझी हाडं मोडली, पाठीत कोणी पहार घातली, मी दात खाऊन आली, तुझ्यासाठी आली.

म्हातारीला शब्द ऐकू येत नव्हते. तिने हिच्या पाठीवरून हात फिरवला, जिथे टाके होते तिथेच नेमका, आणि तिचा सूर मिळवला. तांड्यातल्या बाया पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. ड्रायव्हर दारात टोपी हातात घेऊन उभा होता, त्याचेही डोळे भरले होते. आणि मी? मला वाटलं, शाब्बास गं! रडण्यातसुद्धा पाठ घातली! बा असता तर त्याने तुला बाजारात नेलं असतं. खरं सांगतो, असंच वाटलं मला.

ही तीन तास म्हातारीपाशी होती. एक सीताफळ फोडून एकेक बी काढून तिला भरवत होती. मी बाहेर लिंबाखाली खाटेवर पडून गाडीकडे बघत होतो. पोरं तिच्या पत्र्यात तोंडं बघत होती. मग चाचाची बोटं आठवली. उठलो, पुढच्या चाकांवर बोटं घातली, चार, चार. मागे उजवीकडे चार. मागे डावीकडे घातली, तर तीन. चौथं बोट जाईना. मी वाकून जमीन बघितली. जमीन जरा उताराची वाटली. अंगणच ते, सपाट कुठून असणार? मी मनात चार धरली आणि पुन्हा खाटेवर आडवा झालो. माझी गाडी तशी सपाट जमिनीवरच उभी होती, मनातल्या.

परतताना ही फार कण्हली नाही. डोळे मिटून, दाराची कडी धरून बसली होती. मी म्हटलं, दमली असेल, आणि आता गरजही नाही, ड्रायव्हरने पुरेसं ऐकलंय.

ठेकेदाराच्या अंगणात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. चाचा गॅरेज बंद करून आधीच येऊन बसला होता. हिला गाडीतच बस म्हणालो आणि ओसरीवर गेलो. ठेकेदाराने ड्रायव्हरला विचारलं, "कशी झाली ट्रायल?" ड्रायव्हर इमानदार. म्हणाला, "गाडी ठीक चालली साहेब, पण बाई रस्ताभर कण्हत होत्या. जाताना तर लयच."

ठेकेदाराचा चेहरा उतरला. मी शेजारच्या ट्रॅक्टरकडे बघत बसलो, बाने शिकवल्यासारखा.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमच्या वडिलांनी आमच्या घरी चार बैलजोड्या आणून दिल्या. आपण तोंडानं नाही बोलायचं. त्यांच्या रीतीनं बोलू." आणि त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

बाजारात सौदा असाच व्हायचा. भोवती दहा माणसं असली तरी भाव कोणाला कळू नये म्हणून दुपट्ट्याखाली बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक लाख, बोट अर्धं मुडपलं की अर्धा. दहाच्या वरचंच बोलायचं, दहा तर ठरलेलेच. त्याने सहा धरली. मी एक धरलं. त्याने हसून पाच धरली. मी डोळे मिटले. माझा हात तसा खडू धरणारा, पण त्या दुपट्ट्याखाली तो बाचा हात झाला होता असं मला वाटलं. बोटं सरकत होती, दाबत होती, नकार देत होती. मी दोनवर आलो, तो चारवर. मी उठायचं केलं. त्याने हात धरून ठेवला, आणि तीन धरली. मी तिन्ही दाबली.

तेरा लाख. तीन लाख पाडले! तिघांनी हसून हात वर केले. आमच्यात असा हात वर झाला की शब्द पक्का, त्यावरून कोणी फिरत नाही, बा आयुष्यात फिरला नाही. ठेकेदाराने आत चहा सांगितला. चाचा माझ्या कानाला लागला, "बोटं मोजली होती ना रे मागची?"

"मोजली."

"किती?"

"चारच. जमीन जरा उताराची होती."

चाचा माझ्याकडे बघत राहिला. मी थांबलोच नाही, पायऱ्या उतरून गाडीकडे पळालो, हिला सांगायला. मागचं दार उघडलं.

"तेरा!" मी म्हणालो. "तीन लाख पाडले! काय नाटक केलंस तू, वा! तुझ्या कण्हण्याचे तीन लाख!"

तिने डोळे उघडले. दाराच्या कडीवरची बोटं पांढरी पडली होती. उशा दोन्ही खाली पडल्या होत्या, उचलायला तिला वाकता आलं नव्हतं.

"नाटक कोणं केलं?" ती म्हणाली.

मी खाली पडलेली एक उशी उचलली.

"दारव्ह्याच्या बाहेर पडल्यापासून दुखून राह्यलं. या कोपऱ्यात नुसता दगडावर दगड. पुढं तुमाले लागत नसन."

"मग बोलली काहून नाही?"

"बोललीच ना," ती म्हणाली. "रस्ताभर बोलली."

तिने हळू श्वास घेतला.

"खरं दुखते म्हणून सांगतलं असतं, तं आर्णीवरूनच गाडी फिरवली असती तुमी. मले याडीले भेटाचं होतं. तुमीच म्हणलं, कितीबी बोंबल, फिरवत नाई. म्हणलं, चाला, बोंबलाले तं भेटते."

चाचा मागे येऊन उभा होता. त्याने वाकून मागच्या डाव्या चाकावर बोटं घातली. दोनच गेली. त्याने हात काढून घेतला.

मी ओसरीवर परत गेलो. चहा आला होता. उभ्यानेच म्हणालो, "साहेब, गाडी नको. शब्द फिरवतो, माफी असू द्या. तिला खरंच दुखलं. खरंच दुखतंय."

ठेकेदार एवढा मोठ्याने हसला की बशीतला चहा हलला. "वा गुरुजी! बापाच्या वरताण निघाले! हात वर केल्यावर अजून पाडता?" त्याने एक बोट अर्धं मुडपून दाखवलं. "जा, अजून पन्नास हजार सोडले. त्याच्यात फुगा नवा टाकून घ्या."

"नाही हो, खरं सांगतो."

"तेच तं म्हणतो, लय खरं सांगता तुमी!"

मी शपथ घेतली. तो अजून हसला. चाचा म्हणाला, "साहेब, मास्तर खरं बोलून राह्यला," तर तो म्हणाला, तुमी दोघंबी ठरवून आलते. पाच-सहा वेळा मी सांगितलं, सगळ्या तऱ्हांनी, आणि त्या माणसाने एकदाही विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? मी तरी कुठे ठेवला होता. मग मी नुसते हात जोडले आणि खाली उतरलो. मागून त्याचं हसू थांबत गेलेलं ऐकू आलं.

ड्रायव्हर म्हणाला, घरापर्यंत सोडतो. ही म्हणाली, "नको रे बाप्पा. पायी जातो आमी."

चाचाने रिकामी टोपली आणि उशा घेतल्या. तिचा हात मी माझ्या खांद्यावर घेतला. रस्त्यावर दिवाळीच्या लायटिंगच्या माळा अजून काही घरांवर होत्या, त्या लागत होत्या. थोडं चालल्यावर ती म्हणाली, "तिनं हात नेमका टाक्यावर ठेवला. सांगतलेलं ऐकू येत नाई, पण हात नेमका तिथंच." आणि जरा हसली.

मी तिचा हात खांद्यावर नीट घेतला.

घर तिथून दहा मिनिटांवर. आम्हाला पाऊण तास लागला. आठ-दहा पावलं झाली की ती म्हणायची, "ए याडी." आणि दर वेळी मी थांबलो.